काटाघरचा ट्रंक : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२

२६ सप्टेंबर २०२२

आज घटस्थापना. हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होणार, म्हणजे हातात तीन आठवड्यांपेक्षाही कमी दिवस आहेत. साखर कारखान्याच्या संगणक विभागात आम्ही दोघंच, मी आणि इलेक्ट्रिकलकडून उसना घेतलेला एक पोरगा. त्यामुळे काय केलं आणि का केलं ते रोजच्या रोज लिहून ठेवणार आहे. पुढच्या वर्षी मी नसलो तरी वहीत सगळं सापडलं पाहिजे.

काम असं. प्रशासन इमारतीतून गेटवरच्या काटाघरापर्यंत, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथपर्यंत, साधारण चारशे मीटर फायबर आहे. तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांबं आणि फायबर जोडणारे छोटे डबे, बसवलेले आहेत. आजवर काट्याचे संगणक, कॅमेरे आणि शेतकी विभागाचा प्रिंटर सगळे एकाच सपाट नेटवर्कमध्ये होते. गेल्या जानेवारीत कॅमेऱ्यांच्या छोट्या स्विचमध्ये कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं खोचली. लूप झाला, म्हणजे तोच माल नेटवर्कमध्ये गोल फिरत राहिला, आणि पाऊण तास काटा बंद. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, अंगद गाड्या आणि बैलगाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. तोडलेल्या उसाचं वजन उन्हात तासातासाने घटतं. त्या दिवशी एक म्हातारे शेतकरी खिडकीशी येऊन "वजन कमी भरलं तर कोण देणार?" एवढंच विचारून गेले. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून या वर्षी व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर वेगवेगळी, नंबर दिलेली नेटवर्कं. काटा २० मध्ये, कॅमेरे ३० मध्ये, स्विच-राऊटरची देखभाल ९९ मध्ये. प्रशासन इमारतीत सिस्कोचा २९११ राऊटर आणि काटाघरात २९६० स्विच. दोघांमध्ये एकच ट्रंक, म्हणजे सगळे व्हीलॅन वाहणारी जोडणी, आणि राऊटरवर प्रत्येक व्हीलॅनसाठी एक सबइंटरफेस (एकाच पोर्टाचा आभासी भाग). स्विचच्या साध्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावणार, म्हणजे लूप झालाच तर तेवढा एक पोर्ट बंद पडेल, काटा चालू राहील.

२७ सप्टेंबर

दोन्ही यंत्रं टेबलावर समोरासमोर ठेवली आणि एका पॅचकॉर्डने जोडली. गेटवर जाऊन चुका शोधण्यापेक्षा टेबलावर शोधलेल्या बऱ्या.

राऊटरने पहिल्याच ओळीला नकार दिला. सबइंटरफेसला आधी आयपी पत्ता देत होतो. तो म्हणतो, हा सबइंटरफेस आधी व्हीलॅनचा भाग असायला हवा. बरोबरच आहे. कोणत्या टॅगची (लावलेल्या व्हीलॅन नंबराची) फ्रेम, म्हणजे मालाचं पाकीट, आपलं, हे ठरल्याशिवाय पत्ता लावणार कशाला? आधी 'एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू २०' (डॉट१क्यू हे टॅग लावायचं मानक), मग पत्ता. हा क्रम पाळला की तक्रार नाही. आणि मूळ इंटरफेसला 'नो शटडाऊन' द्यायचं. तो बंद असेल तर खालचे सगळे सबइंटरफेस बंदच राहतात.

तरीही पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघायची हाक) नाही. स्विचवर 'शो इंटरफेसेस ट्रंक' दिलं तर पान कोरं. पोर्ट वर, दिवा हिरवा, पण ट्रंक झालेलाच नाही. २९६० चा पोर्ट मुळात 'डायनॅमिक ऑटो' असतो. समोरच्याने डीटीपीतून (ट्रंकची बोलणी करायची सिस्कोची पद्धत) मागणी केली तरच तो ट्रंक होतो. राऊटर डीटीपी बोलतच नाही, त्यामुळे तो वाट बघत साधा अॅक्सेस पोर्ट बनून बसला आणि २० चा टॅग लावून आलेली प्रत्येक फ्रेम टाकून देत राहिला. 'स्विचपोर्ट मोड ट्रंक' आणि 'स्विचपोर्ट नोनेगोशिएट' या दोन ओळी दिल्या आणि पिंग लागला.

वहीसाठी एक नोंद. जुन्या ३५६० वर काम करणाऱ्याला 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन' लिहायची सवय असते, कारण त्याला आयएसएल (सिस्कोची जुनी ट्रंक पद्धत) आणि डॉट१क्यू दोन्ही येतात. २९६० ला फक्त डॉट१क्यू येतं, म्हणून ती आज्ञाच त्याच्याकडे नाही. ती मिळाली नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

२९ सप्टेंबर

स्विच काटाघरात बसवला. काट्याचा संगणक सर्व्हरला दिसतो. पण ऑफिसमधून स्विचवर लॉगिन होत नाही, कॅमेरे दिसत नाहीत.

स्विचवर लॉगिन न होण्याचं कारण नेटिव्ह व्हीलॅन. राऊटरवर मी ९९ नेटिव्ह केला होता, स्विचवर मुळातला १ तसाच राहिला होता. नेटिव्ह व्हीलॅनच्या फ्रेमला टॅग लागत नाही. राऊटरने ९९ चा माल बिनटॅगचा पाठवला, स्विचने तो १ चा समजून घेतला. सीडीपी (सिस्कोची यंत्रं एकमेकांना आपली माहिती कळवतात ती सोय) चालू असतं तर जुळत नाही असा इशारा लॉगमध्ये आला असता, पण ते मी आधीच बंद केलेलं होतं. आता दोन्ही बाजूंना ९९ आहे.

कॅमेऱ्यांसाठी 'शो इंटरफेसेस ट्रंक' नीट वाचला. याचे चार तक्ते असतात आणि बहुतेक लोक पहिला बघून थांबतात. पहिल्यात ट्रंक आहे का आणि नेटिव्ह कोणता. दुसऱ्यात कोणत्या व्हीलॅनना परवानगी आहे. तिसऱ्यात त्यांपैकी कोणते स्विचवर खरोखर तयार आणि चालू आहेत. चौथ्यात त्यांपैकी किती स्पॅनिंग ट्रीने (लूप टाळणारी यंत्रणा) मोकळे सोडलेत. व्हीलॅन वरच्या तक्त्यात आहे आणि खालच्यात नाही, तर त्या दोन तक्त्यांमध्येच तो गळला. माझा ३० दुसऱ्या तक्त्यातच नव्हता. टेबलावर तपासताना मी फक्त २० आणि ९९ ला परवानगी दिली होती.

इथे माझ्याकडून मोठी चूक झाली. ऑफिसात बसून दुरून 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं दिलं. मध्ये 'अॅड' हा शब्द राहिला. त्यामुळे यादीत ३० ची भर पडली नाही, आख्खी यादीच बदलून फक्त ३० उरला. २० गेला, ९९ गेला, आणि मी ज्या वाटेने आत आलो होतो तीच वाट बंद झाली. हंगामाची तयारी म्हणून शेतकी विभाग काट्यावर चाचणी वजनं घेत होता, तीही थांबली.

बदल सेव्ह केलेला नव्हता, हे बरं झालं. काट्यावरच्या आबांना फोन लावला.

"आबा, रॅकमध्ये निळा-राखाडी डबा आहे बघा, त्याची पिन काढा."

"काढली."

"दहा मोजा आणि परत लावा."

"दहा कशाला, वीस मोजतो, तुम्ही घाई करू नका."

काही मिनिटांनी स्विच जुनी मांडणी घेऊन उठला. मग 'अॅड' लावून ३० जोडला.

आजपासून नियम. दुरून ट्रंकला हात लावण्याआधी 'रिलोड इन १०' द्यायचं. आपण बाहेर पडलो तर दहा मिनिटांनी यंत्र आपोआप जुन्या मांडणीवर येतं. सगळं ठीक झालं की 'रिलोड कॅन्सल', आणि त्यानंतरच सेव्ह.

४ ऑक्टोबर

खंडेनवमी. यंत्रशाळेत पूजा झाली. सर्व्हर रॅकला झेंडूचा हार घातला, काटाघरातल्या रॅकलाही आबांनी घातला. पंख्याच्या जाळीपुढे पाकळ्या येऊ नयेत एवढं बघितलं. उद्या दसरा. कामाला सुट्टी.

६ ऑक्टोबर

गाडीचं वजन झालं की कॅमेरा नंबरप्लेट आणि भरलेल्या मालाचा फोटो काढतो आणि तो पावतीबरोबर सर्व्हरवर साठतो. काटामारीचा संशय हा आपल्या पट्ट्यातला जुना, दुखरा विषय. शेतकऱ्याने उद्या विचारलं तर त्याच्या खेपेचं वजन आणि फोटो शेजारी शेजारी दाखवता यावा, ही या वर्षीची सगळ्यात महत्त्वाची सुधारणा. आणि नेमके फोटोच येत नाहीत. पावती येते, फोटो नाही.

स्विचच्या पोर्टावर उशिरा होणाऱ्या टकरी, म्हणजे लेट कोलिजन, वाढताना दिसल्या. पोर्ट 'ए-हाफ' दाखवत होता, म्हणजे ऑटोने हाफ डुप्लेक्स धरलेलं, एका वेळी एकच बाजू बोलणार; फुलमध्ये दोन्ही एकदम बोलतात. जुन्या कन्व्हर्टरच्या पोटाशी छोटे खटके आहेत, त्यांनी तो शंभर एमबी, फुल डुप्लेक्सवर पक्का केलेला. समोरचा बोलणी करत नसेल तर ऑटोवरचं यंत्र वेग ओळखतं, पण डुप्लेक्स हाफ धरतं. राऊटरच्या बाजूलाही तेच. दोन्हीकडे वेग १००, डुप्लेक्स फुल असं हाताने लिहिलं, काउंटर शून्य केले. तासाभराने बघितलं तर सगळे शून्यच.

वाटलं, सापडलं. पण फोटो अजूनही येत नाहीत.

८ ऑक्टोबर

आजचा दिवस सगळा यातच गेला. काय काय करून बघितलं ते लिहितो, म्हणजे पुन्हा कुणी त्याच वाटेने जाणार नाही. सर्व्हरची फायरवॉल बंद करून बघितली. अँटिव्हायरस काढला. राऊटरवरच्या अॅक्सेस लिस्ट काढल्या. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, ते म्हणाले नेटवर्क बघा. काट्याचा संगणक बदलला. काहीच फरक नाही.

आणखी एक लक्षण मिळालं. सकाळी शेतकऱ्यांची यादी सर्व्हरवरून ताजी होते, तीही अर्ध्यावर अडकते. काट्याचं सॉफ्टवेअर आदल्या दिवशीची यादी वापरतं म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पावती म्हणजे दोन-चारशे अक्षरांचा मजकूर, ती जाते. फोटो आणि यादी मोठी, ती जात नाहीत. आणि दोन्ही दिशांना.

आबा संध्याकाळी चहा घेऊन आले. म्हणाले, "लहान पोतं दारातून जातं, मोठं अडकतं. मग दारच मोजा की." मी त्या वेळी हो म्हणालो आणि घरी गेलो. जेवताना ते पुन्हा आठवलं.

१० ऑक्टोबर

दार मोजलं.

राऊटरवरून काट्याच्या संगणकाला पिंग, आकार १००, तुकडे न करण्याच्या अटीसह (उत्तर आलं की उद्गारचिन्ह, नाही तर टिंब). पाचही उद्गारचिन्हं. आकार १५००. पाच टिंबं. १४००, जातो. १४९०, जातो. १४९८, नाही. १४९६, जातो. १४९७, नाही.

मग तोच १५०० चा पिंग व्हीलॅन ९९ मध्ये, स्विचच्या स्वतःच्या पत्त्यावर दिला. गेला. पाचही उद्गारचिन्हं. तीच केबल, तेच फायबर, तेच कन्व्हर्टर, तोच ट्रंक. फरक एकच. ९९ बिनटॅगचा आहे, २० ला टॅग आहे.

१५०० आणि १४९६ मधलं अंतर चार. डॉट१क्यूचा टॅग चार बाइटचा.

हे वहीत नीट मांडतो. इथरनेट फ्रेममध्ये आयपीचा माल जास्तीत जास्त १५०० बाइट. त्याच्यापुढे १४ बाइटचं शीर्ष, मागे ४ बाइटची तपासणी बेरीज. एकूण १५१८. डॉट१क्यू पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर चार बाइट घुसवतो. पहिले दोन हेक्साडेसिमलमध्ये ८१००, म्हणजे "ही फ्रेम टॅगची आहे" अशी खूण. उरलेल्या दोनमध्ये तीन बिट प्राधान्याला, एक बिट गर्दीत कोणती फ्रेम टाकता येईल ते सांगायला, आणि बारा बिट व्हीलॅनच्या नंबराला. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, त्यातले पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला १ ते ४०९४. एकूण फ्रेम झाली १५२२. डॉट१क्यूचं मानक १९९८ चं, आणि कमाल फ्रेम १५१८ वरून १५२२ करणारी ८०२.३एसी ही दुरुस्तीही १९९८ चीच. त्याआधीच्या समजुतीने बनवलेली यंत्रं १५१८ च्या वरची फ्रेम चूक मानून टाकून देतात.

आता उलटं गणित. १४९६ अधिक १८ अधिक ४, बरोबर १५१८. तो जातो. १४९७ ला १५१९ होतात. तो अडतो. आमचा कन्व्हर्टर १५१८ वर कापतोय.

राऊटर आणि स्विच दोघांवर एकही चूक का दिसत नव्हती, तेही आता कळलं. राऊटरने फ्रेम नीट पाठवली, त्याच्या दृष्टीने काम झालं. स्विचपर्यंत ती आलीच नाही, तो काय मोजणार? फ्रेम मधल्या डब्यात मेली आणि त्या डब्याला ना लॉग, ना काउंटर, ना लॉगिन. गेले चार दिवस मी ज्यांना बोलता येतं त्या दोन यंत्रांनाच विचारत होतो.

खात्रीसाठी जेवणाच्या सुट्टीत काटाघरात कन्सोल लावून नेटिव्ह उलटा केला. दोन्ही बाजूंना २० नेटिव्ह, ९९ टॅगचा. लगेच काट्याच्या संगणकाला १५०० चा पिंग गेला आणि स्विचचा १४९६ च्या पुढे अडकला. जो व्हीलॅन टॅग घालतो तोच अडकतो. आता शंका राहिली नाही. परत पूर्ववत केलं.

हा प्रयोग करताना पोरगा शेजारी उभा होता. आकडे त्यानेच कागदावर लिहिले आणि बेरीज त्यानेच माझ्याआधी केली. १५१८ आल्यावर तो काही न बोलता उठला, शिडी घेऊन आला आणि रॅकच्या वरून कन्व्हर्टर उतरवला. मागच्या धुळकट लेबलावर बारीक अक्षरांत कमाल फ्रेम लिहिलेलीच होती. १५१८.

गेल्या वर्षीपर्यंत हा डबा निर्दोष होता. टॅगच नव्हता, तर अडवणार काय.

११ ऑक्टोबर

नवे कन्व्हर्टर मागवले. मागणीपत्रात स्पष्ट लिहिलं, १५२२ आणि त्याहून मोठी फ्रेम घेतो असं लेखी हवं. चीफ अकाउंटंट साहेबांनी विचारलं, "चालू असलेला डबा का बदलायचा?" त्यांना कागदावरची बेरीज दाखवली. आकड्याच्या माणसाला आकडा लगेच पटतो. सही झाली.

माल यायला दोन दिवस. तोवर चाचणी थांबू नये म्हणून राऊटरच्या २० आणि ३० सबइंटरफेसवर दोन ओळी टाकल्या, 'आयपी एमटीयू १४९६' (एमटीयू म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार) आणि 'आयपी टीसीपी अॅडजस्ट-एमएसएस १४५६'. १४९६ मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० गेले की १४५६. खरं काम दुसरी ओळ करते. काट्याच्या संगणकाला वाटतं आपला एमटीयू १५००च, आणि त्याने मोठं पाकीट पाठवलं तर ते राऊटरपर्यंत पोहोचण्याआधीच कन्व्हर्टरमध्ये मरतं, तिथे राऊटरचा एमटीयू काही करू शकत नाही. पण टीसीपीची (पोच घेत माल पाठवायची पद्धत) जोडणी सुरू होताना संगणक आणि सर्व्हर एकमेकांना जो आकार सांगतात तो राऊटर जाता जाता कमी करतो, त्यामुळे दोघंही लहान पाकिटंच पाठवतात.

दुपारी पहिला फोटो सर्व्हरवर आला. रिकामी ट्रॉली, मागे कडुलिंब, कोपऱ्यात आबांचा खांदा.

हा उपाय टीसीपीपुरताच. कॅमेऱ्यांचं थेट चित्र यूडीपीवरून (जोडणी न करता पाठवायची पद्धत) येत होतं, ते फुटकंच राहिलं. कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये ते टीसीपीवर वळवलं, मग नीट दिसायला लागलं.

१३ ऑक्टोबर

नवे कन्व्हर्टर सकाळी आले. या वेळी थेट रॅकमध्ये बसवले नाहीत. आधी टेबलावर दोन्ही छोट्या पॅचकॉर्डने जोडले, एका बाजूला स्विच, दुसऱ्या बाजूला जुना सुटा राऊटर, आणि टॅगच्या व्हीलॅनमध्ये १५०० चा पिंग. शंभर पाठवले, शंभर आले. मगच गेटवर नेले.

बसवल्यावर क्रमाने केलेलं: वेग आणि डुप्लेक्स दोन्हीकडे पुन्हा ऑटो, दोन्ही बाजूंना एक हजार फुल मिळालं. राऊटरवरच्या एमटीयू आणि एमएसएसच्या ओळी काढल्या, कारण तात्पुरत्या ओळी राहून गेल्या तर पुढच्या माणसाला त्यांचं कारण कळत नाही. २० आणि ३० मध्ये १५०० चा पिंग, दोन्ही दिशांनी. कॅमेरे परत यूडीपीवर. चार तक्ते वाचले, पहिल्यात ट्रंक आणि नेटिव्ह बरोबर, बाकी तिन्हींत तीनही व्हीलॅन.

नेटिव्हबद्दल एक बदल. देखभालीचा ९९ बिनटॅगचा ठेवणं मला पहिल्यापासून पटत नव्हतं. आता टॅगचा माल पूर्ण जातो, तर ९९ लाही टॅग लावला आणि नेटिव्हला ९९९ हा रिकामा व्हीलॅन दिला, ज्यात एकही पोर्ट नाही. हे करताना 'रिलोड इन १०' आधी दिलं होतं, दोन्ही यंत्रांवर. ते कामी यायची वेळ आली नाही.

मग लूपची चाचणी. कॅमेऱ्यांच्या छोट्या स्विचमध्ये मुद्दाम एकाच केबलची दोन्ही टोकं खोचली. २९६० चा तेवढा पोर्ट बंद पडला, लॉगमध्ये ओळ आली, काट्यावर पावती निघतच राहिली. आबांना ती ओळ दाखवली आणि पोर्टवर लाल टिकली लावली. हा दिवा हिरवा राहिला नाही तर मला फोन करायचा, केबल ओढायची नाही.

१४ ऑक्टोबर

उद्या मोळी, म्हणजे हंगामाची सुरुवात. आज संध्याकाळी शेजारच्या गावातून एक भरलेली ट्रॉली चाचणीसाठी आली. भरल्या गाडीचं वजन, फोटो. गव्हाणीकडे (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) न नेता यार्डात रिकामी केली. रिकाम्या गाडीचं वजन, फोटो. पावती निघाली. ऑफिसात सर्व्हर उघडला तर दोन्ही फोटो वजनांच्या शेजारी. भरलेल्या फोटोत उसाची कांडी मोजता येतील इतकं स्वच्छ.

ट्रॉलीचे मालक आबांच्या खिडकीशी उभे होते. आबांनी स्क्रीन वळवून त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, नंबरप्लेट वाचली, मग वजन वाचलं, मग पुन्हा नंबरप्लेट. "हा असाच दिसणार का रोज?" म्हणाले. आबा म्हणाले, "रोज, पाव्हणं."

दोन्ही यंत्रांची मांडणी सेव्ह केली, छापली, एक प्रत रॅकच्या दाराच्या आतून चिकटवली. जुने दोन कन्व्हर्टर फेकले नाहीत, बिनटॅगच्या कामाला चालतील. त्यांच्यावर पोराने मार्करने लिहिलं: टॅग चालत नाही, १५१८.